सूचना : डॉक्टरांकडे तपासणीला जाताना मोबाइल सायलेंट ठेवण्याबाबत

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आपल्या गटातील सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्यातल्या एका काकांसोबत मी राजारामपुरीत डॉक्टरांकडे गेलो होतो. दंडाला पट्टा बांधलेला आणि काकांचा फोन वाजला. पाहुण्यांचा फोन, काका बोलत राहिले. रक्तदाब इतका जास्त आला की सगळेच घाबरलो. फोन ठेवून, शांत बसवून पुन्हा मोजला, तेव्हा आकडा बराच खाली आला.

ही गोष्ट मनावर घ्या. मोजताना बोललं तर वरचा आकडा सहज १० अंकांनी वाढू शकतो. म्हणून आधी ५ मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत. चुकीच्या आकड्यावर गोळी वाढली तर त्रास आपल्यालाच होतो.

आत जाण्याआधी फोन सायलेंटवर टाका. व्हायब्रेटवर नको, खिशात थरथरला की हात जातोच. जुने रिपोर्ट फोनमध्ये असतील तर बाहेर बसल्याबसल्याच उघडून ठेवा. घरी कुणी आजारी असेल आणि फोन घ्यावाच लागणार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. कुणी नाही म्हणत नाही. बोलणं रेकॉर्ड करायचं असल्यास मात्र आधी परवानगी विचारा.

बाहेर बाकावर स्पीकर लावून व्हिडिओ बघू नका. शेजारी कुणी तापानं फणफणलेलं असतं.

वकील, सीए यांच्याकडे जातानाही हेच पाळावं, ही कळकळीची विनंती.

– सचिव