काण्यांचा हवाला देताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

7 मे, म्हणजे 'धर्मशास्त्राचा इतिहास'कार महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्मदिवस, आला की त्यांच्यावर लेख येतात. भारतरत्न, पाच खंड, हजारो पाने एवढे सांगून झाले की लेख संपतो. एरवी वर्षभर त्यांचे नाव निघते ते वेगळ्या कारणाने. श्राद्ध, सुतक, दत्तक, वाटणी असा विषय आला की 'काण्यांनीच म्हटले आहे' असे ठोकून दिले जाते. कुठल्या खंडात, कुठल्या पानावर, आणि ते मत काण्यांचे की त्यांनी उतरवून घेतलेले मनूचे, याचा पत्ता नसतो. हा ढिलेपणा बडोद्याच्या मराठी वाचकाने तरी चालवून घेऊ नये. कारण काण्यांच्या ग्रंथाचे मूळ ज्या पोथीत आहे, तिने गुजरातेत प्रत्यक्ष कायदा म्हणून राज्य केले आहे.

काणे 1880 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले. आधी शिक्षकी केली, मग 1911 पासून मुंबई हायकोर्टात वकिली. 'साहित्यदर्पण', 'हर्षचरित' यांच्या त्यांच्या आवृत्त्यांवर संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या. 1947 ते 1949 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे राज्यसभेत, 1963 साली भारतरत्न, 1972 साली निधन. या मानसन्मानांपेक्षा मला वकिली महत्त्वाची वाटते. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा कोर्टात उभे राहणाऱ्या माणसाने लिहिलेला ग्रंथ आहे. प्रत्येक विधानाखाली पुरावा, आणि विरुद्ध बाजूचा पुरावाही तिथेच.

ग्रंथ सुरू झाला तो आडवाटेने. काणे नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूखा'ची (व्यवहार म्हणजे दावे, वारसा, वाटणी यांचा कायदा) आवृत्ती तयार करत होते; ती 1926 साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्र-वाङ्मयाचा थोडक्यात इतिहास द्यावा असा बेत होता. प्रस्तावनेत तो मावणे शक्यच नव्हते. पहिला खंड भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1930 साली काढला, आणि पाचव्याचा दुसरा भाग यायला 1962 उजाडले.

नीलकंठभट्ट सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. घराणे मूळचे पैठणचे, काशीला जाऊन स्थायिक झालेले. 'निर्णयसिंधू'कार कमलाकरभट्ट त्याचा चुलतभाऊ. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच कुळातले. यमुना-चंबळेच्या संगमाजवळचा राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने नीलकंठाने बारा 'मयूख' लिहिले, त्यांतला व्यवहारावरचा हा एक. इंग्रजी अमलात कोर्टांनी मुंबई इलाख्याचे दोन वाटे केले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूख आणि मिताक्षरा (याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची टीका) यांत फरक पडला तर मयूख वरचढ. घाटावर आणि दक्षिणेकडे मिताक्षरा. म्हणजे पैठणच्या भटजींच्या वंशजाने काशीत लिहिलेली पोथी सुरत-भडोचच्या सावकारांची मालमत्ता वाटू लागली, आणि साताऱ्याकडे मात्र तिला दुय्यम मान. इतिहासाची ही गंमत काण्यांना फार आवडत असावी, इतक्या बारकाईने त्यांनी भट्ट घराण्याची वंशावळ लावली आहे.

फरक नुसता पुस्तकी नव्हता. मूलबाळ वा विधवा मागे न ठेवता मुलगा वारला तर मिताक्षरेप्रमाणे आधी आई, मग बाप. मयूखाप्रमाणे आधी बाप, मग आई. सख्ख्या भावाचा मुलगा आणि सावत्र भाऊ समोरासमोर आले तर मिताक्षरा सावत्र भावाला पुढे घालते, मयूख सख्ख्या पुतण्याला. बहिणीला मयूख बापाच्या आईच्या लगेच मागे बसवतो.

आता बडोद्यातल्या जुन्या मराठी वाड्यांच्या कागदांत इथेच घोटाळा होतो. 'आपण गुजरातेत, म्हणून मयूख' असे धरून चालतात. स्थलांतर केलेल्या हिंदू कुटुंबाबाबत कोर्टाचे गृहीत उलटे आहे: कुटुंब आपल्या मूळ मुलखाचा कायदा बरोबर आणते, नव्या मुलखाचा कायदा स्वीकारला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. तेव्हा गायकवाडांबरोबर घाटावरून आलेल्या घराला सुरुवातीला मिताक्षराच लागू. त्यावर आणखी एक थर बडोदे संस्थानाचा. संस्थानाने स्वतःचा 'हिंदू निबंध' केला होता आणि त्यात वारसा, दत्तक सगळे आले होते. (कायद्याला 'निबंध' म्हणणे ही खास बडोद्याची रीत. धर्मशास्त्रात 'निबंध' म्हणजे अनेक स्मृतींतली वचने विषयवार लावून केलेला संग्रह. मयूख हाही निबंधच. संस्थानी कागदात 'निबंधाप्रमाणे' असे दिसले की तो मयूख समजू नये.) संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात गेले. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला. म्हणून जुन्या मिळकतीत पहिला प्रश्न एकच विचारावा: मालक कोणत्या तारखेला वारला? 17 जून 1956 नंतर असेल तर मयूख-मिताक्षरेचा वाद बाजूला ठेवून नवा कायदा वाचावा. त्याआधी असेल तर गाव, मूळ मुलूख आणि संस्थानी निबंध या क्रमाने तपासावे, आणि मगच काण्यांचा तिसरा खंड उघडावा. तोही समजण्यासाठी. वारस ठरवायला तो उघडून भागत नाही. त्यासाठी कायदा आणि निवाडे लागतात.

दत्तकाचे तसेच. वसिष्ठाचे एक वचन आहे: पतीच्या अनुज्ञेखेरीज स्त्रीने मुलगा देऊ नये, घेऊ नये. या एकाच वाक्याचे चार प्रांतांनी चार अर्थ केले. मिथिलेत म्हणतात, नवराच नाही तर अनुज्ञा कुठली, म्हणून विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालात नवऱ्याने जिवंतपणी अनुज्ञा दिली असेल तर चालते. दक्षिणेत सपिंडांची (नवऱ्याच्या जवळच्या भाऊबंदांची) संमती पुरते. मयूख म्हणतो, हे वचन सधवेसाठी आहे; विधवेला अनुज्ञा लागतच नाही. नीलकंठ आणखी पुढे जातो: लग्न झालेला, मुलगा झालेला माणूसही दत्तक होऊ शकतो, असे आपल्या वडिलांचे मत तो नोंदवतो. 1956च्या दत्तक कायद्यात पंधरा वर्षांखालील आणि अविवाहित अशी अट आहे, पण 'रूढी नसेल तर' या शब्दांनी तिला फट ठेवली आहे. त्या फटीतून नीलकंठाचे वडील अजून डोकावतात. बडोद्याला हा विषय परका नाही. 27 मे 1875 रोजी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना (पुढचे सयाजीराव महाराज) दत्तक घेणाऱ्या जमनाबाईसाहेब खंडेरावांच्या विधवाच होत्या. अर्थात गादीच्या दत्तकाला इंग्रज सरकारची मंजुरी लागे, तो मामला निव्वळ शास्त्राचा नव्हता.

काण्यांचा हवाला कसा चुकतो याचा एक नेहमीचा नमुना देतो. 'थोरल्याला जास्त वाटा, मनूत आहे, काण्यांनी दिले आहे.' मनूत आहे हे खरे. नवव्या अध्यायात थोरल्याला विसावा हिस्सा 'उद्धार' म्हणून जादा, मधल्याला त्याच्या निम्मा, धाकट्याला पाव. काण्यांनी ते दिले आहे हेही खरे. पण वाचणारा तिथेच थांबतो. पुढे मिताक्षराकार विज्ञानेश्वर काय म्हणतो ते काण्यांनीच दाखवले आहे: विषम वाटणी शास्त्रात असली तरी लोकांना ती मान्य नाही, म्हणून करू नये, आणि आधार म्हणून तो याज्ञवल्क्याचे 'लोकविद्विष्ट' (लोकांना नकोसे झालेले) धर्म टाकण्याबद्दलचे वचन देतो. कलिवर्ज्यांच्या (कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या) याद्यांतही ज्येष्ठाचा जादा वाटा येतो. तिसऱ्या खंडातले कलिवर्ज्याचे प्रकरण एकदा सबंध वाचावे. एके काळी धर्म्य मानलेल्या किती गोष्टी पुढच्या पंडितांनीच गुपचूप बाद केल्या, त्याची ती यादी आहे. त्यात नियोगही (निपुत्रिक विधवेने दिरापासून संतती मिळवणे) आहे. 'शास्त्र कधी बदलत नाही' म्हणणारे नेमके काण्यांचेच नाव घेतात, याचे मला नवल वाटते.

ग्रंथ वापरायची रीत अवघड नाही. पहिला खंड ग्रंथ आणि ग्रंथकारांचा, त्यांच्या काळाचा. दुसऱ्यात वर्ण, आश्रम, संस्कार; तिसऱ्यात राजधर्म आणि व्यवहार; चौथ्यात प्रायश्चित्त, अंत्येष्टी, आशौच, श्राद्ध, तीर्थे; पाचव्यात व्रते, काल, शांती, पुराणे, मीमांसा. दुसऱ्या खंडाचे दोन भाग असले तरी पानांचे आकडे सलग आहेत, म्हणून भाग चुकला तरी पान सापडते. पहिल्या खंडाचे तसे नाही. 1930ची आवृत्ती आणि 1968पासूनची सुधारित आवृत्ती यांची पाने जुळत नाहीत. तेव्हा 'खंड 1, पान अमुक' एवढे लिहून भागत नाही, आवृत्तीचे साल हवेच. तळटिपांचे आकडे खंडभर सलग चालतात, म्हणून टीप क्रमांक दिला तर वाचक चटकन पोचतो. मूळ संस्कृत वचन टिपेत असते, वर त्याचे इंग्रजी. वाद असेल तेव्हा टीपच वाचावी. मराठीत साहित्य संस्कृती मंडळाने सारांश काढला आहे. विषय समजून घ्यायला तो उत्तम, पण सारांशाचे पान देऊन 'काणे' असे लिहू नये.

काळ ठरवण्याची त्यांची पद्धतही लक्षात घ्यावी. हा ग्रंथ कोणाला उद्धृत करतो ती वरची हद्द, म्हणजे त्याआधीचा तो नाही; याला कोण उद्धृत करतो ती खालची, म्हणजे त्यानंतरचा नाही. मधले अंतर अरुंद होईपर्यंत पुरावे आणत राहायचे. कमलाकरासारखा एखादा आपल्या ग्रंथाचे साल स्वतःच देतो (निर्णयसिंधू 1612चा), तेव्हा काम सोपे. मनूसाठी मात्र ते इ. स. पू. 200 ते इ. स. 200 असा चारशे वर्षांचा पट्टाच देतात. त्यातून एक साल उचलून छापणे म्हणजे काण्यांच्या तोंडी आपले वाक्य घालणे.

या पद्धतीला नवी पोथी छापली गेली की धक्का बसतो, आणि इथे बडोद्याचे देणे मोठे आहे. कनौजच्या गोविंदचंद्र राजाचा मंत्री लक्ष्मीधर याचा बाराव्या शतकातला 'कृत्यकल्पतरू' पहिल्या खंडाच्या वेळी छापलेला नव्हता. काण्यांना हस्तलिखितांवर भागवावे लागले. 1941 साली दानकांडापासून तो बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड्स ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत येऊ लागला. 1942 साली तीर्थांचा भाग, 1943 साली राजधर्म, व्यवहारकांड 1953 साली. संपादक के. व्ही. रंगस्वामी अय्यंगार. याच मालेत त्यांनी विखुरलेल्या वचनांतून बृहस्पतिस्मृती पुन्हा जुळवली. काण्यांनी त्याआधी कात्यायनाची व्यवहारावरची वचने तशीच गोळा केली होती. तेव्हा 1930च्या पहिल्या खंडात कल्पतरूविषयी जे वाचाल ते सुधारित आवृत्तीशी आणि आपल्या प्राच्यविद्या मंदिराच्या छापील कांडांशी ताडूनच वापरावे. ही कांडे याच शहरातून प्रसिद्ध झाली. ती पाहायला पुण्याला जायची गरज नाही.

संपादकांना विनंती एवढीच, की धर्मशास्त्रावरच्या मजकुरात काण्यांचे नाव आले तर लेखकाकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात: खंड, आवृत्तीचे साल, पान आणि टीप क्रमांक. शिवाय वचन कोणाचे, स्मृतीचे, टीकाकाराचे की काण्यांचे, हे वाक्यातच यावे. चार आकड्यांना छापील अर्धी ओळसुद्धा लागत नाही.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा