जहाज बंदर सोडताना : मित्रास पत्र

नौपाडा, ठाणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आई-आप्पांना घेऊन तू मुंबईहून क्रूझवर निघणार आहेस, पण निघताना डेकवर होणाऱ्या पार्टीची दोघांनाही धास्ती वाटते, हे तुझ्या पत्रातून कळले. त्यांची शंका मला पटते, तरीही पार्टी टाळाच असे मी म्हणणार नाही.

जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटते तेव्हा बहुतेक प्रवासी वरच्या डेकवर पोहण्याच्या तलावाभोवती जमलेले असतात. डीजे गाणी लावतो आणि जहाजावरचे कलाकार दिसेल त्याला नाचायला ओढतात. आम्ही क्रूझवर गेलो तेव्हा आमच्याबरोबर शेजारचे काका-काकू होते. काकू लेकीच्या लग्नातही खुर्ची सोडून उठल्या नव्हत्या. तिथे मात्र त्या हात उंचावून मनसोक्त नाचल्या, आणि अशा आनंदाला उथळ म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. काका मात्र कठड्यापाशी उभे होते. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने विजयदुर्गला जात, त्यामुळे भोंगा ऐकण्याची आणि किनारा दूर जाताना पाहण्याची त्यांना फार ओढ होती. पण स्पीकरच्या आवाजात त्यांना धड काहीच ऐकू आले नाही, याचे मला वाईट वाटले.

निघण्याचा सोहळा काही आजचा नाही. पूर्वी अनेक देशांच्या बंदरांत प्रवासी डेकवरून रंगीत कागदी फिती सोडत, धक्क्यावरचे आप्त त्यांची दुसरी टोके हातात धरून उभे राहत, आणि जहाज हलले की त्या फिती ताणून तुटत. 2004 साली बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि निरोप द्यायला धक्क्यापर्यंत जाणे बहुतेक ठिकाणी दुरापास्त झाले. हात हलवायला किनाऱ्यावर कोणी उरले नाही, म्हणूनच प्रवाशांची तोंडे तलावाकडे वळली असावीत, असे मला वाटते. आपल्याकडेही नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते. पण तिथे खाडीला नारळ अर्पण करून हात जोडण्याचा एक क्षण असतो, आणि तेवढा क्षण जहाजावरही मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. बंदराबाहेर पडेपर्यंत निदान एका डेकवरचे स्पीकर बंद ठेवणे आयोजकांना मुळीच जड नाही.

तोवर तूच एवढे कर. सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात काय करायचे याचा सराव, आधी मन लावून पूर्ण करा. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे क्रूझ जहाज कलंडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, आणि त्यानंतरच ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा नियम आला. मग आई-आप्पांना खालच्या एखाद्या मोकळ्या डेकवर, उजव्या बाजूला घेऊन जा. तिथून गेटवे, ताज आणि कुलाबा ओळीने दिसतील. घारापुरी पाहायची असेल तर मात्र डावी बाजू धरावी लागेल. कुलाब्याच्या टोकाचे, 1875 सालचे प्राँग्ज दीपगृह मागे पडले की सगळे वर जा. पार्टी तोवर रंगात आलेली असते, आणि आईंना एखादे गाणे आवडले तर त्यांना अडवू नकोस.

तारीख ठरली की कळव. आदल्या रात्री तिघेही आमच्याकडेच मुक्कामाला या. सकाळी मी तुम्हाला बंदराच्या दारापर्यंत सोडेन.

तुझा,
विनायक