किक मारू नका म्हणालात, त्याबद्दल

मामा,

सा. न. वि. वि.

माझी जुनी मोटारसायकल चालू करून दिलीत त्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "मी काय सत्काराला उभारलोय व्हय?" म्हणता, पाना उचलता आणि दुसऱ्याच गाडीपाशी जाऊन बसता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. नात वाचून दाखवेलच. तिला मध्येच थांबवू नका, शेवटपर्यंत वाचू द्या. शेवटी मला तुम्हाला एक कबूल करायचं आहे.

आपली ओळख झाली ती फोनवर. गारगोटीजवळच्या एका गोठ्यात वैरणीखाली १९८४ सालची येझदी मोटारसायकल पडून होती. मी ती नऊ हजाराला घेतली होती आणि टेम्पोवाला घाई करत होता. तोवर माझ्या नावावर आयुष्यात एक लेडीज सायकल होती, बाकी काही नाही. मूळ मालक, त्यांचे दोन भाऊ, शेजारची चार पोरं असा घोळका जमलेला, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "मारा की एक किक, बघू तरी जीव हाय का." मीही पदर खोचल्यासारखी ओढणी बांधून तयार होते. पण कुणीतरी मेकॅनिक म्हणून तुमचा नंबर दिला होता, म्हटलं विचारून घ्यावं. तुम्ही नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"मॅडम, किक मारलीसा काय?"

"नाही अजून."

"मग मारू नगासा. कुणाला मारू बी देऊ नगा. हाय तशी आणा."

फोन बंद.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, उद्यमनगरात तुमच्या शेडपुढे गाडी उतरवली. तुम्ही कार्ब्युरेटर सोडवलात, त्याच्या तोंडात बॅटरी मारलीत आणि मला वाकून बघायला लावलंत. आत कुंभारीण माशीनं घर केलं होतं. चांगलं पक्कं, मातीचं, कोपऱ्यात गिलावा केल्यासारखं. तेव्हा तुम्ही समजावलंत की येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा थेट बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, जात नाहीत, आधी खाली इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये ओढली जातात आणि तिथून वर. म्हणजे त्या गोठ्यात एक जोरदार किक बसली असती तर ती माती क्रँकच्या बेअरिंगांत जाऊन बसली असती. पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा सिलिंडरच्या गंजक्या भिंतीवर घासल्या असत्या ते वेगळंच. एवढ्या लोकांसमोर माझी हौस भागली असती आणि इंजिनाचा निकाल लागला असता.

मागे वळून बघते तर तुम्ही मला काय शिकवलंत त्याहून काय करू दिलं नाहीत त्याचीच यादी मोठी निघते. हे पत्र त्या सगळ्या "नगा"साठी आहे.

स्पार्क प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडून तुम्ही गाडी तशीच ठेवलीत. मी रोज पतसंस्थेचा काउंटर बंद झाला की यायचं, उजवीकडचं झाकण काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावायचा आणि हलतंय का बघायचं. जोर करायचा नाही. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पाना सूतभर सरकला. मी ओरडले, तुम्ही चहा पीत होता तिथूनच म्हणालात, "आता उलटा फिरव आन घरी जा." त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला मॅडम म्हणाला नाहीत.

मग तुम्ही तीन-चार दिवस लेकीकडे गेलात आणि माझा धीर सुटला. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण दुसरं कुणी वाचून शहाणं होईल. गाडी मी दुसऱ्या एका गॅरेजात नेली. त्यांनी बघता बघता बेत सांगितला: बोअर मारू, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करू, पिस्टन नवा घालू, टाकीला मॅट काळा रंग, दोनातला एक सायलेन्सर काढून टाकू, कॅफे रेसर, म्हणजे शर्यतीच्या गाडीसारखी, करू. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रोटर ओढून काढायचा पुलर न लावता त्यावर थेट हातोडा बसला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला आणि मी टेम्पो बोलावला. तुम्ही परत आल्यावर त्या ठेचलेल्या कडेवरून अंगठा फिरवलात, एक शब्द बोलला नाहीत, कानस आणलीत. तो न बोललेला शब्द मला अजून ऐकू येतो.

बोअरच्या बाबतीत तुमचं म्हणणं सोपं होतं. सिलिंडर एकदा कातला की कातला, तो परत जाड होत नाही. पिस्टनचे ओव्हरसाइज, म्हणजे मोठी मापं, ठरावीकच, ते संपले की सिलिंडर भंगारात. म्हणून आधी मोजायचं. तुम्ही पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये फट मोजायच्या फिलर गेजची पाती घालून दाखवलीत, मग मला घालायला लावलीत, आणि मी "ही जाते, ही जात नाही" म्हटल्यावर विचारलंत, "मग? मारायचा बोअर?" फक्त होनिंग, म्हणजे भिंतीला हलकी घासणी, झालं आणि रिंगा बदलल्या. त्याही कशा मिळाल्या! म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडलेला. आता नव्या येझदी निघाल्यात, त्या फोर-स्ट्रोक, त्यांचा आपल्याला उपयोग शून्य. तुमच्या त्या लोखंडी कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, ग्रीस लावलेल्या रिंगा निघाल्या तेव्हा मला आजीच्या पेटीतले दागिने बघितल्यासारखं झालं. बाजारातली नक्कल घेऊ नको म्हणालात, आणि स्वतःच्या साठ्यातली दिलीत.

टाकीचं काम तुम्ही घरी दिलंत. लिंबाचं सत्त्व गरम पाण्यात विरघळवायचं, टाकी भरून रात्रभर ठेवायची, मग मूठभर नट आत टाकून हलवायची, सोड्याच्या पाण्यानं धुवायची, लगेच वाळवायची आणि परत गंज चढायच्या आत पेट्रोल आणि टू-टी ऑइल फिरवून ठेवायचं. मी कॅशियर. नट मोजून टाकले, चाळीस. बाहेर आले एकोणचाळीस. दोन तास टाकी पालथी करून हलवत बसले, शेजारच्या वहिनी येऊन विचारून गेल्या की कसला आवाज येतोय. शेवटी तुम्हाला फोन केला, म्हटलं एक राहिला तर काय बिघडतंय? "हलव," म्हणालात. रात्री साडेदहाला चाळिसावा पडला. नंतर तुम्ही म्हणालात की मोजून टाकणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. बाकीच्यांचे किती राहिले असतील कोण जाणे.

रंग मात्र मला करायचाच होता. तुम्ही नको म्हणालात आणि एक फडकं व पॉलिशची डबी हातात दिलीत. टाकीच्या रबरी पॅडच्या खाली, जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं मूळ मरून रंग निघाला. तो बघितल्यावर मॅट काळ्याचं नाव मी काढलं नाही. टाकीवर एक पोचा आहे, तो तसाच ठेवलाय. मूळ मालक म्हणाले, तो त्यांच्या लग्नाच्या वर्षीचा.

आता टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. यावर मी सविस्तर लिहिणार, तुम्ही कितीही हसलात तरी.

पिस्टन अगदी वर पोचायच्या तीनेक मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत, तेव्हाच ठिणगी पडते. तुम्ही सायकलच्या तारेवर खुणा करून ती प्लगच्या भोकातून सोडायला शिकवलीत. पॉइंट नेमके कधी उघडतात हे कळायला विडीच्या बंडलाचा पातळ कागद त्यांच्यात धरायचा. सुटला की उघडले. मी अर्धा दिवस बसले. लावलं, आवळलं, झाकण बसवलं. तुम्ही नुसते बघत होता. मग म्हणालात, "मार आता."

येझदीची दांडी एकच, तीच किक आणि तीच गिअर. आत दाबून मागं फिरवली की किक होते. मी घाबरत घाबरत मारली. तिसऱ्या किकेला गाडी चालू झाली! दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर, शेडमधली पोरं टाळ्या वाजवायला लागली, मी रडायच्या बेतात. दांडी पुढे करून पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली. सरळ मागं, तुमच्या पाण्याच्या पिंपावर.

मला आठवतंय ते एवढंच, की मी पहिला टाकायच्या आधीच तुम्ही चहाचा ग्लास उचलून बाजूला झाला होता. तुम्हाला आवाजावरूनच कळलं होतं. ठिणगी फार लवकर पडत होती, किक माझी कमजोर, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आत मागं ढकललं गेलं आणि इंजिन उलटं फिरायला लागलं. टू-स्ट्रोकला ते चालतं, कारण व्हॉल्व्ह नसतात, भिंतीत नुसती भोकं. पिस्टन कुठूनही येवो, ती उघडतात आणि मिटतात. हे सगळं तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर मी वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरले असते. त्या पिंपाचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.

आरटीओतल्या कागदपत्रांचं इथं काढत नाही. फॉर्म २९, ३०, २५, पर्यावरण कर, तपासणी, त्यावर वेगळं पत्र होईल आणि ते आभाराचं नसेल. खिडकीतल्या एकानं "व्हिंटेज नंबर घ्या की" म्हणून सुचवलं होतं. त्याला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात, माझी गाडी चाळिशीतली. तेवढं एक समाधान की आपण दिल्लीत राहत नाही, नाहीतर पंधरा वर्षांपुढची पेट्रोलची गाडी म्हणून तिला रस्त्यावरच येऊ दिलं नसतं.

दोनशे किलोमीटरला पांढरा धूर सुरू झाला तेव्हा मात्र मी खचले होते. वाटलं, होनिंग फसलं, ते गॅरेजवालेच बरोबर होते. तुम्ही सायलेन्सरपाशी नाक नेलंत, वास घेतलात आणि गिअरबॉक्सचं ऑइल काढायला सांगितलंत. भरलं होतं त्यापेक्षा पाव लिटर कमी निघालं. डावीकडचा क्रँकचा, तेल अडवणारा सील गेला होता, इंजिन तिथून गिअरचं ऑइल पीत होतं. चाळीस वर्षं सुकलेलं रबर ते, त्याचा बोअरशी काही संबंध नाही. दीड तासाचं काम झालं. मी इंजिन खोला म्हणून हट्ट धरून बसले होते, आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात, "पोरी, दुखतंय दात आन तू पोट फाडायला निघालीस!"

खर्चाचा कागद माझ्याकडे आहे. गाडी सोडून एकोणतीस हजार चारशे झाले, त्यात तुमची मजुरी साडेतीन हजार. तीन महिन्यांची. मामा, मी दिवसभर पैसे मोजते, मला बेरीज कळते. पुढच्या वेळी असा हिशोब केलात तर भांडण होईल.

रविवारी गाडी घेऊन येते. तुमची फिलर गेज माझ्याकडेच राहिली आहे, तीही आणते. मामींना म्हणावं, पिंप घेऊन येणार आहे, निळं, मोठं. नको म्हणू नका, या बाबतीत तुमचं "नगा" मी ऐकणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
येझदीवाली

ता. क. आता ती कबुली. नव्या रिंगा रुळेपर्यंत पाचशे किलोमीटर घाट चढायचा नाही असं तुम्ही बजावलं होतं. तीनशे चाळीसला मी जोतिबाला गेले. खेटे, म्हणजे माघातल्या रविवारच्या वाऱ्या, चालू होते, सगळे निघालेले, राहवलं नाही. चढावर गाडी आवळल्यासारखी झाली, मी क्लच दाबला, बाजूला घेतली आणि झाडाखाली पाऊण तास बसून राहिले. परत चालू झाली, हळूहळू वर गेले, नारळ फोडला. घरी येऊन प्लग काढला तर चॉकलेटी असायचा तो पांढराफटक, म्हणजे इंजिन फार तापलेलं. तुम्ही प्लगचा रंग बघून सगळं ओळखता, म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायच्या आधी मी नवा घातला. तुम्ही तो काढलात, उजेडात धरलात, परत बसवलात आणि म्हणालात, "लई लवकर बदललास गं प्लग." आणि माझ्यासाठी चहा सांगितलात.