माळा रिकामा करण्याआधी

पुणे,
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, वाईच्या घराचा माळा रिकामा करायला काढलाय आणि मोडवाला येऊन तांब्या-पितळेची सगळी भांडी तोलून नेणार आहे. मी तेव्हा ऑफिसात होते, चार माणसांत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पुढच्या शनिवारी मी येते आहे. तोवर माळ्यावरचं एकही भांडं तराजूत घालू देऊ नका.

सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. यंत्रावर ओढलेली पातळ तपेली, चेपलेले डबे, कान तुटलेल्या पराती खुशाल जाऊ देत. पण घंगाळ बाजूला काढा. पणजोबांनी ते पुण्याहून नेलं असं आजी सांगायची आणि ते तांबट आळीतलंच काम आहे, अशी माझी खात्री आहे. बाबा, उजेडात धरून त्याच्या पोटावरून बोटं फिरवून बघा. वरपासून तळापर्यंत हातोडीच्या ठशांच्या ओळी लागतील, एकीला खेटून दुसरी. ते मठारकाम. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, चकाकी येते ती वेगळीच. जवळून पाहिलं की कळतं, ठसे एकसारखे दिसले तरी कारागिराचा हात मधे कुठेतरी थांबलाय, कुठे जरा तिरपा पडलाय. आज कसब्यातल्या त्या आळीत हे काम करणारी घरं मोजकीच उरली आहेत. मोडवाल्याला या सगळ्याशी काय देणंघेणं? त्याला तांबं दिसतं, तो किलोचा भाव सांगतो.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, टिंबाटिंबांनी ठोकलेलं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कधी. जुन्या बाजारात एक विक्रेता मला म्हणाला, नाव असलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, म्हणून आम्ही घासून काढतो. ऐकून पोटात तुटलं. भांडं कुठून आलं हे सांगणारा पुरावा तेवढाच, आणि तोच घासून टाकायचा! आई, तुझ्या सासूबाईंच्या ताम्हणावर नाव आहे, कळशीवरही आहे. ज्याच्यावर नाव सापडेल ते वेगळं ठेव आणि ते माणूस आपलं कोण लागायचं ते एका चिठ्ठीवर लिहून आत टाक. हे तुझ्याखेरीज आता कुणालाच सांगता यायचं नाही. आणि चिंच-मीठ लावून लख्ख करू नकोस. वर्षानुवर्षांच्या वापराने धातूवर जो रंग चढतो, तो एकदा घासला की गेला. खोटी वस्तू जुनी भासवायला लोक ॲसिड लावतात, मातीत पुरतात, पण त्यांचा काळपटपणा सगळीकडे सारखा बसतो. खरी वस्तू हात लागतो तिथे गुळगुळीत होते आणि कोपऱ्यात काळी राहते.

बाबा, हे सगळं तुम्हीच शिकवलंत. बुधवार नाहीतर रविवार, सकाळी लवकर जुना बाजार, हातात बॅटरी. ‘आधी वस्तू खाली ठेव, मग भाव विचार,’ हे तुमचं वाक्य मी अजून पाळते. पण एक गोष्ट तुम्ही वर्षानुवर्षं मनाला लावून घेतली आहे, तिच्याबद्दल आज स्पष्ट लिहिते.

शनिवार पेठेतला तो वाडा रिकामा होत होता तेव्हा पाहिलेली रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी. साडीला खरी जर चिकटवलेली, दागिन्यांवर टिकल्या, जुन्या लाकडी चौकटीत. तीनशे रुपये सांगत होते. त्या महिन्यात दादाचा टायफॉइड निघाला होता. दोन दिवसांनी पैसे जमवून तुम्ही गेलात तर चित्र गेलेलं. दिवाळीत आम्ही सगळे जमलो की ते चित्र निघतंच, आणि प्रत्येक वेळी तुमचा आवाज बारीक होतो. बाबा, ते पैसे जिथे जायला हवे होते तिथेच गेले. आणि ही चित्रं एकुलती एक नव्हती. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याने घराघरांत देव पोचवले. १९७२च्या आगीत छापखाना जळाला, तरी भिंतीवरची चित्रं राहिली. तुमची लक्ष्मीही कुणाच्या तरी घरी नीट असेल.

मोठमोठ्यांच्या हातून काय काय सुटतं, ते ऐका. ‘साल्व्हातोर मुंदी’ नावाचं येशूचं चित्र १९५८ साली लंडनच्या लिलावात ४५ पौंडांना गेलं. वरून इतके थर रंगवलेले होते की तिथल्या जाणकारांनाही काही वेगळं दिसलं नाही. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या लिलावात ते १,१७५ डॉलरना विकलं गेलं. मग साफसफाई झाली, अभ्यास झाला, लिओनार्दो दा व्हिंचीचं नाव लागलं आणि २०१७ साली ते ४५ कोटी डॉलरना गेलं. ते कितपत त्याच्या हातचं, यावर आजही वाद आहे. ज्यांचा सगळा व्यवसायच हा, त्यांच्या डोळ्यांदेखत असं होतं. तुम्ही तर वस्तू बरोबर ओळखली होतीत, फक्त पैसे उशिरा जमले.

आता माझी बातमी. जुन्या बाजारात एक सरस्वती मिळत होती, ‘शंभर वर्षांची’ म्हणून. काच धुरकट, कागद पिवळा, चौकटही जुनी. मी सराफी भिंग लावलं. ठिपक्यांची एकसारखी, आखीव जाळी दिसली, निळा, गुलाबी, पिवळा, काळा. म्हणजे अलीकडची ऑफसेटची छपाई, चहाचं पाणी मारून जुनी केलेली. जुन्या काळच्या दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने टाकलेले असतात, लहानमोठे, गालावर दाट, कपाळावर विरळ, आणि प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. मी चित्र खाली ठेवलं.

पण त्याच ढिगाऱ्यात खाली रामपंचायतन होतं. काचेला तडा, एक कोपरा कसरीने खाल्लेला. भिंग लावलं आणि रामाच्या निळ्या खांद्यावर ते विस्कळीत ठिपके दिसले. चौकटीसकट दोनशे रुपयांना घेतलं. घरी येऊन मागचे गंजके खिळे हलक्या हाताने काढले, तर खालची पांढरी पट्टी चौकटीत बसावी म्हणून मागे दुमडलेली. ती उलगडली आणि छापखान्याचं नाव वाचलं: चित्रशाळा, पुणे! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७८ साली काढलेली आपली चित्रशाळा. बहुतेक लोक ती पट्टी कापून टाकतात, इथे कुणीतरी दुमडून ठेवली. त्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले. कोपरा दुरुस्त करायचा नाही, आम्लरहित कागदावर बसवून घ्यायचं ठरवलंय. शनिवारी सोबत आणते. बाबा, ते तुमच्या खोलीत लावायचं आहे.

तिथेच राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे, रुपयेही पाहिले. छोटा वजनकाटा बरोबर असतो. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा. ते सगळे हलके भरले, आणि कडेला साच्याची शिवण दिसत होती, म्हणजे ओतलेले, नकली.

परत येताना केळकर संग्रहालयात गेले. दिनकर केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं, पदरी फार पैसा नव्हता. १९२०च्या सुमारास ते दिवे, अडकित्ते, दौती, खलबत्ते जमवू लागले, तेव्हा हेच सगळं इतर लोक मोडीत घालत होते. पत्नी कमलाबाई बरोबर होत्याच. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि वीस हजारांच्या आसपास वस्तू पुढे सरकारच्या हवाली केल्या. त्या अडकित्त्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. त्यातला एकेक कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेला असणार. त्या काळी असे अडकित्ते घरोघर होते, त्यांच्याकडे बघणारा हा एक माणूस निघाला.

आणि बाबा, नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीची बातमी आली त्या दिवशी तुम्ही मला फोन केलात, तेव्हा तुमचा आवाज किती दिवसांनी तसा ऐकला! ४७ लाख १५ हजार रुपये मोजून राज्य सरकारने ती २०२५ साली लंडनच्या लिलावातून सोडवून आणली. सुटलेलं कधी कधी परत येतं.

आई, तुझ्या आईची पैठणी मात्र परत यायची नाही, हे मला माहीत आहे. बोहारणीने दोन पातेली दिली आणि पैठणी नेली, असं तू सांगतेस. रेशीम जाळून जरीतली चांदी काढायचे ते दिवस. त्या गल्लीतल्या किती बायकांनी तेच केलं असेल, कुणी शहाणपणाने सांगणारंच नव्हतं. ट्रंकेत तिचा जो पदराचा तुकडा आहे, तो घडी घालून ठेवू नकोस, घडीवर जर तुटते. जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळून ठेव, डांबरगोळ्या लावू नकोस.

आता दादाचं. त्याला देवघरातला बाळकृष्ण जर्मनीला न्यायचाय. मला त्याची ओढ समजते, पण ते जमणार नाही. शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती म्हणजे कायद्याने पुरावशेष. १९७२चा कायदा आहे, १९७६ पासून लागू झालेला. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा मूर्तीची नोंदणीही करावी लागते. आजोबांच्या वहीत बाळकृष्ण त्यांच्या आजोळहून आल्याचं लिहिलंय, म्हणजे वय शंभराच्या पुढेच. हस्तलिखित पोथ्यांना तर ७५ वर्षांचीच अट आहे, तेव्हा कापडात बांधलेल्या त्या दोन पोथ्याही त्याच्या बॅगेत जाऊ नयेत. नोंदणीचं काय करायचं ते मी इथे पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारते. दादाला मीच समजावते, तुम्ही त्याच्याशी वाद घालू नका. त्याला आजीची पितळी पळी आणि पंचपात्री द्या. अलीकडची आहेत, आणि तो लहानपणी रोज त्यांनीच तीर्थ घ्यायचा.

बाबा, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या. शिडीवर तुम्ही दोघांनीही चढायचं नाही, वरचं सगळं मी उतरवते. आजोबांची वही आणि कोऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या काढून ठेवा.

तुमची,
मंजू