एस्तेरचे पुस्तक तारखा मांडून वाचा

महोदय,

बायबलच्या जुन्या करारातील एस्तेरच्या पुस्तकावरचे प्रवचन किंवा अभ्यासवर्ग बहुधा सातव्या अध्यायाशी थांबतो. पर्शियाच्या राजाचा प्रधान आणि यहुद्यांचा वैरी हामान फासावर गेला, राणी एस्तेरने आपले लोक वाचवले, झाले. पण तिथपर्यंत यहुद्यांपैकी कोणाचाही जीव वाचलेला नसतो. यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम राजाच्या मुद्रेनिशी निघालेला आहे आणि तसा हुकूम राजालाही फिरवता येत नाही, हे ८:८ मध्ये (अध्याय ८, वचन ८) स्पष्ट आहे. सुटका कशी झाली ते पुढेच कळते, आणि तेही तारखा लिहून काढल्या तरच. सोलापुरातील मंडळ्यांनी, तरुण संघांनी आणि उत्सुक वाचकांनी यंदा हे पुस्तक पुरे वाचावे म्हणून हे पत्र.

आधी दहाही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचावेत. वचने १६७ आहेत, तासाभरात होतात. यहुदी लोक पुरीमच्या, म्हणजे याच सुटकेच्या सणाला संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी असेच अखंड वाचतात. मग वहीत दोन रकाने आखून एकात वचन आणि दुसऱ्यात वर्ष, महिना, दिवस लिहावा. राजाच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी १८० दिवसांचा समारंभ. सातव्या वर्षी दहाव्या महिन्यात एस्तेर राजवाड्यात. बाराव्या वर्षी पहिल्या महिन्यात हामानसमोर ‘पूर’ टाकला गेला. (पूर म्हणजे चिठ्ठी. मराठी कानाला पाण्याचा पूर ऐकू येतो, म्हणून वर्गात हे आधीच सांगावे.) चिठ्ठी निघाली ती बाराव्या महिन्याची. १३ निसानला (पहिला महिना) पत्रे गेली, कत्तलीचा दिवस १३ अदार (बारावा महिना). मधले अकरा महिने त्या चिठ्ठीनेच दिले. दुसरा हुकूम २३ सिवानला (तिसरा महिना) निघाला. तो पहिला रद्द करत नाही, फक्त स्वसंरक्षणाची मुभा देतो. १२७ प्रांतांत, ज्याच्या त्याच्या लिपीत आणि भाषेत तो पोचवायला साडेआठ महिने उरले होते. चिठ्ठी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याची निघाली असती तर एस्तेरच्या धैर्याला वेळच मिळाला नसता. देवाची योजना शोधायची तर ती इथे शोधावी. एस्तेरचा तीन दिवसांचा उपास पत्रे निघताच सुरू झाला असे धरले, तर तो यहुद्यांच्या वल्हांडण सणावरच (मिसरमधल्या सुटकेची आठवण) येतो. रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) हे फार पूर्वी टिपून ठेवले आहे.

सर्वात जास्त चूक होते ती देवाच्या नावाबाबत. मूळ इब्री (हिब्रू) मजकुरात ते एकदाही नाही. प्रार्थनेचाही उल्लेख नाही, फक्त उपास आहे. ४:१४ मध्ये सुटका ‘दुसऱ्या ठिकाणाहून’ येईल असे एस्तेरचा पालक मर्दखय म्हणतो. तिथे वाचताना ‘देवाकडून’ असे बदलून घेऊ नये. त्या मौनातच सहाव्या अध्यायातली रात्र उभी राहते: राजाला झोप लागत नाही, बखर वाचली जाते, मर्दखयाची बक्षीस न मिळालेली कामगिरी निघते आणि त्याच वेळी हामान अंगणात येतो. ग्रीक प्रतीत मात्र सहा भर आहेत, शंभरावर वचने, आणि त्यांत मर्दखय आणि एस्तेर या दोघांच्या प्रार्थना आहेत. कॅथोलिक बायबलमध्ये त्या असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतात. वर्गात दोन्ही प्रती आल्या की वाद होतो. कोणती वाचायची ते आधीच ठरवावे.

नववा अध्याय जड आहे, म्हणून गाळू नये. इब्रीत मारल्या गेलेल्या शत्रूंचा आकडा ७५,००० आहे, ग्रीकमध्ये १५,०००. लुटीची परवानगी असूनही लुटीला हात लावला नाही, हे लेखक तीनदा सांगतो. त्यावर चर्चा व्हायलाच हवी.

सूतगिरण्यांच्या या गावाने १:६ वर थोडे रेंगाळावे. राजाच्या पडद्यांसाठी तिथे ‘करपस’ हा शब्द आहे, साऱ्या इब्री शास्त्रात एकदाच आलेला. तो फारसीतून गेलेला आपला ‘कर्पास’, म्हणजे कापूस. जुन्या इंग्रजी भाषांतराने त्याचा ‘हिरवा’ असा चुकीचा अर्थ घेतला. पुस्तकाच्या पहिल्याच वचनात भारताचे नाव आहे, हेही अनेकांच्या नजरेतून सुटते.

आपल्याला एक विनंती. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. दिनविशेषात होळीशेजारी त्याची नोंद द्यावी. मात्र यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. २०२५ मध्ये तारीख १४ मार्च असली तरी वाचन १३ च्या संध्याकाळी, होळी पेटली त्याच दिवशी, सुरू झाले. यहुदी पंचांगातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत सात वेळा. त्या वर्षी अदार दोनदा येतो आणि पुरीम दुसऱ्या अदारात धरतात. नोंद देताना आदल्या संध्याकाळचा उल्लेख जरूर करावा.

– पवित्र शास्त्राचे काही अभ्यासक, सोलापूर