मागच्या सीटवरचं स्वातंत्र्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीटबेल्टच्या सक्तीवरून आपल्या वाचकपत्रांत चाललेला वाद वाचला. ‘जीव माझा, गाडी माझी, सरकारचं काय जातं?’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडीत माणूस एकटा असेल तर त्यात थोडाफार जोरही आहे. पण लग्नसराईत पारोळा-अमळनेर रस्त्यावर एकट्या माणसाची गाडी दाखवा. पाचाच्या गाडीत सात जण कोंबलेले असतात, आणि तिथेच हा युक्तिवाद गळून पडतो.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळली आणि आतला माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. पट्टा तो जोर खांदा, छाती आणि कमरेच्या हाडावर वाटून घेतो. मागे पट्टा न लावता बसलेला ७० किलोचा गडी मात्र सुटा असतो; पुढच्या सीटच्या पाठीवर किमान १४ क्विंटल आदळल्यासारखं होतं. पुढच्या बाईने पट्टा लावलेला असला तरी ती सीट आणि पट्टा यांच्यात चेपली जाते. मांडीवरचं १० किलोचं लेकरू त्याच क्षणी दोन क्विंटलचं होतं. कापसाचं दोन क्विंटलचं ओझं हातावर तोलून धरणारी आई अजून जन्मायची आहे. तरसोद-फागणे रस्ता चौपदरी झाल्यावर काटा सहज १०० वर जातो. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते, आणि वाटेत रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली उभी असू शकते, हे वेगळं सांगायला नको.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागच्या सीटवरचे दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागडी होती, एअरबॅगाही होत्या. एअरबॅग फुगते ती सेकंदाच्या तीन-चार शतांश भागात, आणि ‘माणूस पट्ट्याने जागेवर धरलेला आहे’ असं गृहीत धरूनच ती बनवलेली असते. पट्टा नसेल तर तोंड आधीच पुढे गेलेलं असतं आणि फुगणारी पिशवी ठोशासारखी लागते.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब २०१९ च्या दुरुस्तीत आलं. दंड १,००० रुपये. पट्टा न लावणाऱ्या प्रवाशाला नेणाराही दंडाला पात्र, १४ वर्षांखालच्या मुलांसाठीही हीच तरतूद. म्हणजे मागे बसलेल्या पाहुण्याच्या स्वातंत्र्याची पावती चालकाच्या नावावर फाटते. सक्तीच्या विरोधकांनी खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं. त्याहून मोठी विसंगती पुढे आहे. प्रवासी वाहनात क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली तर १९४ अ कलमाने दंड माणशी २०० रुपये. काळीपिवळीत पाच माणसं जादा भरा किंवा स्वतःच्या मोटारीत एक पट्टा विसरा, रक्कम तीच! शिवाय पट्ट्याचा नियम समोर तोंड करून असलेल्या सीटांना आणि पट्टे बसवलेल्या वाहनांना. आडव्या बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्यांना कुणी वाली नाही. लोकांना चीड येते ती याची, आणि ती योग्य आहे. पण म्हणून पट्टा चुकीचा ठरत नाही.

आता कामाचं. आपल्याकडे मागचा पट्टा लागत नाही याचं कारण बहुतेकदा तत्त्वज्ञान नसून सीटकव्हर असतं. कव्हर शिवून चढवताना कारागीर मागची तिन्ही बक्कलं सीटखाली दाबून टाकतो. पट्टा लोंबतो, पण अडकवायला जागाच नाही. सीटची गादी उचला, बक्कलं वर काढा, कव्हरला त्या जागी चिरा पाडून कडा शिवून घ्या. अर्ध्या तासाचं काम.

पट्टा लावायचा तो कमरेच्या हाडावर, पोटावर नाही. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खाली घ्यावा, वरचा छातीच्या मधून. ‘रुततो’ म्हणून काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात. सीट फार मागे झुकवली तर माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि पोटातले अवयव दुखावतात. पीळ पडला असेल तर आधी सरळ करा.

हळू ओढल्यावर पट्टा सरसर यावा, हिसका दिला की जागीच अडकावा. परत गुंडाळायला कुचराई करत असेल तर बहुतेक वेळा धूळच असते. पूर्ण बाहेर ओढा, साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच किंवा तेल लावू नका. मोठ्या अपघातात ताणलेला पट्टा दिसायला चांगला असला तरी बदलाच. त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात बक्कल चटका देतं हे खरं. गाडी लावताना त्यावर फडकं टाका.

पट्टा न लावल्यावर गाडीत वाजणारी पीं-पीं बंद करायला बक्कलात अडकवायची खोटी क्लिप मिळते, ती तर निव्वळ फसवणूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली, तरी गल्लीतल्या दुकानात ती टांगलेली दिसते. ‘काही व्हत नही’ म्हणणारे तीच घेतात.

वाहतूक पोलिसांना एक विनंती. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर पुढच्या काचेतून बघून पावती फाडण्याऐवजी मागचं दार उघडायला लावा. बक्कल सीटखाली दडलेलं असेल तर पहिल्या वेळी ते तिथेच बाहेर काढून घ्या. दुसऱ्या वेळी पावती.

आपला,
एक वाचक, एरंडोल (जि. जळगाव)