शिरगोळ्याचा बर्फ

लेस्टर, इंग्लंड, 7 डिसेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

पाकीट उघडताना मांडीवर पांढरी भुकटी सांडली तर घाबरू नका. आई, ती तुझीच रांगोळी आहे, दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवलेली शिरगोळ्याची. इथे दारात सारखी ओल, रांगोळी काढायची कुठे? पुडी तशीच पडून होती. आता ती या ख्रिसमस कार्डावरच्या चर्चच्या छपरावर बर्फ म्हणून बसली आहे. जरा तिरकं धरून बघ, खडीसाखरेसारखी चमकते. पूर्वी इथले लोक यासाठी काचेचा चुरा वापरायचे म्हणे. त्यापेक्षा रांगोळी बरी.

कार्ड मी केलंय. "दुकानात मिळतात की," हे तुझं वाक्य मला इथूनच ऐकू आलं.

शेजारच्या आजीबाईंबद्दल फोनवर सांगितलं होतं ना? ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. ऑक्टोबर लागला की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण बंद आणि ख्रिसमस कार्डांचा पसारा सुरू. कार्डंही साधी नाहीत, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली वाटावीत अशी. कागद, लेस, शाई, रंग, बटणं असं एकावर एक चढवत जायचं. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात हे मला तिथे कळलं, आणि पहिली आठवली ती आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी. चित्र रवी वर्म्याच्या छापखान्याचं, पण साडीवर आजीनं खरी जर आणि टिकल्या टाचलेल्या. आजीला कुणी नाव सांगितलं नव्हतं, एवढंच.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. आजीबाईंकडे त्यांच्या आजीपासून आलेला 'स्क्रॅप'चा एक ताव आहे: रंगीत छापलेले, उठाव दिलेले, कडेनं कापलेले देवदूत आणि गुलाब. असे ताव तेव्हा जर्मनीतून यायचे. प्रत्येक रंगाला छापायचा वेगळा दगड, एकावर एक छपाई. रवी वर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातही यंत्रं जर्मन आणि कारागीरही जर्मन. म्हणजे आपली लक्ष्मी आणि हा देवदूत छपाईच्या नात्यानं मावसभावंडंच निघाली! तो ताव मात्र त्या कापत नाहीत. नुसता दाखवतात आणि परत ठेवतात.

आता कृती, आईसाठी. बिनदुधाचा कडक चहा करायचा, त्यात जाड कागद दहा मिनिटं बुडवायचा आणि मंद ओव्हनमध्ये वाळवायचा. (गॅसवर तवा मंद ठेवूनही जमेल, पण तू करणार नाहीस, मला ठाऊक आहे.) कडांना पॉलिश पेपर घासायचा आणि तपकिरी शाई स्पंजनं टिपायची, कारण जुना कागद आधी कडेनं काळवंडतो. त्यावर जुन्या प्रार्थनापुस्तकाचं एखादं फाटकं पान. त्यावर जेसो, म्हणजे भिंतीला लांबी लावतात तसला पांढरा लेप, पण अगदी पातळ. खालची अक्षरं धुक्यातून दिसावीत इतपतच. मग लेसचा तुकडा आणि सगळ्यात वर रॉबिन.

रॉबिन हा चिमणीएवढा पक्षी, छाती तांबडी. ख्रिसमसच्या कार्डावर तो का, तर व्हिक्टोरियन काळात पोस्टमनचे कोट लाल असायचे आणि लोक त्यांना रॉबिनच म्हणायचे. जुन्या कार्डांवर तर हा पक्षी चोचीत पत्र धरून येतो. मला फार आवडलं हे.

आणि छापील ख्रिसमस कार्डाचा जन्मही टपालाच्या पोटीच झाला. 1840 साली एका पेनीत पत्र जायला लागलं. त्याआधी बहुधा पत्र घेणाराच पैसे मोजायचा, तेही अंतर बघून. ही योजना राबवायला मदत करणारा हेन्री कोल 1843 च्या ख्रिसमसला स्वतःच पत्रांच्या ढिगात अडकला. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायला वेळ कुठला? त्यानं हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, सुमारे हजार प्रती छापून हातानं रंगवून घेतल्या आणि उरलेल्या एक-एक शिलिंगला विकायला काढल्या. शिलिंग म्हणजे बारा पेनी, बारा पत्रांचं टपाल! चित्रात अख्खं कुटुंब दारूचे पेले उंचावून बसलंय, त्यात एक लहान मूलही घोट घेतंय. दारूबंदीवाले खवळले. म्हणजे पहिलं कार्डही बिनबोभाट गेलं नाही.

माझ्या कार्डाचीही एक भानगड झाली. मला प्रार्थनापुस्तकाचं पान नको होतं. माझ्याकडे बाबांनी पुण्याच्या हॉस्टेलवर पाठवलेली निळी आंतरदेशीय पत्रं आहेत, सगळी. आजीबाई म्हणाल्या, त्यातलंच एक काप, याहून अस्सल काय मिळणार? कात्री हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. मग घरच्या प्रिंटरवर एका पत्राची नक्कल काढली, गोंदाचा ब्रश फिरवला, आणि बाबा, तुमचं अक्षर फरपटत गेलं. रेघेवर टांगल्यासारखं ते नीट अक्षर, त्याचा नुसता निळा ओघळ. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते हे मला माहीत असायला हवं होतं. पण तेव्हा जीव असा धसकला, जणू मूळ पत्रच गेलं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या लेझर यंत्रावर नक्कल काढली. तिची पूड उष्णतेनं कागदाला चिकटवलेली असते, म्हणून ती हलत नाही.

तर चष्मा लावून रॉबिनच्या शेपटीखाली बघा. "मेसचे पैसे भरलेस का" एवढं वाचता येतंय. आणि उजवीकडच्या पट्टीवर, घडी घालायच्या जागेत, आईचं तिरकं "डोक्याला तेल लाव". आजीबाईंना ती कविता वाटली. मी अर्थ सांगितल्यावर त्या बराच वेळ हसल्या, आणि म्हणाल्या, मलाही अशाच अक्षराचं एक कार्ड कर.

पहिल्या कार्डांवर मी बटणं आणि सुतळीचा गोंडा लावला होता. इथे साध्या पत्राच्या दरात पाकीट 5 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. ज्यांना ती गेली त्यांना दंड भरून सोडवून घ्यावी लागली, तेव्हा गोंडे बंद. तुमचं कार्ड म्हणूनच जरा बोडकं आहे.

आता मागणं. आई, जांभळ्या इरकलीचा काठ विरलाय म्हणालीस, तो बोहारणीला देऊ नकोस. वीतभर कापून पाठव. बाबा, हात थरथरतो म्हणून तुम्ही लिहायचं सोडलंय, हे आईनं सांगितलं. मला दोन ओळी हव्यात, थरथरत्याच. दुधाचा हिशेब लिहिलात तरी चालेल. शाईचं पेन मात्र नको, बॉलपेननं लिहा. गोंद लावायचाय.

पावणेपाचला पेटी उघडतात, निघते.

तुमची,
सुमी